तरुण वयातला मोठ्या आतड्याचा कर्करोग: वजनाचा आणि दाहाचा वाटा नेमका किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ३५, विशीपासून वजन जास्त, सध्या बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३१. घरात कुणाला कर्करोग नाही. लठ्ठपणामुळे शरीरात सतत दाह राहतो आणि त्यातून तरुणपणीच मोठ्या आतड्याचा कर्करोग होतो, असं वाचनात आलं. हे कितपत खरं, तो दाह आतड्यापर्यंत पोहोचतो कसा, आणि आता करायचं काय?

आधी सरळ उत्तर. संबंध खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली जादा चरबीशी संबंध असल्याचा पुरेसा पुरावा असलेल्या १३ कर्करोगांची यादी दिली, त्यात मोठं आतडं आणि गुदाशय आहेत. पण तुमच्या वयाला मुळातला धोका फार लहान आहे, त्यामुळे तो दुप्पट झाला तरी लहानच राहतो. शिवाय तरुणांमध्ये हा आजार जो वाढतोय, त्याचं सगळं खापर लठ्ठपणावर फोडता येत नाही. ही शेवटची गोष्ट बहुतेक लिखाणातून गळून जाते आणि तिचा फटका शेलाट्या अंगाच्या रुग्णांना बसतो. त्याकडे पुढे येतोच.

पन्नाशीच्या आत निदान झालं की आम्ही त्याला तरुण वयातला आतड्याचा कर्करोग म्हणतो. अमेरिकेतल्या नोंदींचा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा ठरला. १९५० च्या सुमारास जन्मलेल्या माणसाला एखाद्या वयात जो धोका होता, त्याच वयात १९९० च्या सुमारास जन्मलेल्याला मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका दुप्पट आणि गुदाशयाच्या कर्करोगाचा चौपट निघाला. म्हणजे धोका जन्मसालाबरोबर चढत गेला. चाळीस वर्षांत माणसाची जनुकं बदलत नाहीत. तपासण्या वाढल्या म्हणून आकडे फुगले असंही नाही, कारण या वयाच्या लोकांची सरसकट तपासणी तेव्हा होतच नव्हती. बदललं ते पिढीचं राहणीमान, तेही लहानपणापासून. यानंतर अमेरिकन कॅन्सर सोसायटीने २०१८ मध्ये आणि तिथल्या सरकारी तज्ज्ञगटाने २०२१ मध्ये तपासणी सुरू करण्याचं वय ५० वरून ४५ वर आणलं.

वजनाबद्दलचा पुरावा मुख्यतः दीर्घकाळ पाठपुरावा केलेल्या समूहांमधून येतो. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या एका मोठ्या अभ्यासात ८५,२५६ स्त्रिया होत्या, १९८९ साली बहुतेक पंचविशी ते चाळिशीच्या. पुढच्या दोन दशकांत त्यांच्यातल्या ११४ जणींना पन्नाशीच्या आत आतड्याचा कर्करोग झाला. बीएमआय ३० च्या वर असलेल्यांचा धोका सडपातळ स्त्रियांच्या जवळपास दुप्पट होता. १८ व्या वर्षीचं वजन आणि तिथून पुढे वाढलेलं वजन, या दोन्हींचाही संबंध दिसला. आता हाच आकडा उलटून बघा: ८५ हजारांत ११४ म्हणजे साधारण साडेसातशे जणींमागे एक. ‘धोका दुप्पट’ असा मथळा वाचून झोप उडालेल्या माणसाला मी हा भागाकार आवर्जून करून दाखवतो. या अभ्यासात फक्त स्त्रिया होत्या आणि त्याही बहुतेक गोऱ्या, हेही लक्षात असू द्या.

इथे एक गोम आहे. कर्करोगाचं निदान होतं त्या दिवशी रुग्णाचं वजन मोजलं, तर लठ्ठपणाचा संबंध फिका पडतो किंवा दिसतच नाही. कारण तोवर आजाराने माणूस वाळलेला असतो. आठ-दहा वर्षं मागचं वजन विचारलं की संबंध पुन्हा ठळक होतो. म्हणून मला रुग्णाच्या आजच्या किलोंपेक्षा ते वजन किती वर्षं अंगावर होतं यात जास्त रस असतो. सिगारेटचा हिशेब आम्ही ‘रोज किती आणि किती वर्षं’ असा गुणाकाराने मांडतो. चरबीचाही तसाच मांडायला हवा. पंधराव्या वर्षी वजन वाढलेला माणूस पस्तिशीला येईतो त्याच्या आतड्याने वीस वर्षं काढलेली असतात. साध्या पेशीपासून पॉलिप (अस्तरावर उगवणारी छोटी गाठ) आणि पॉलिपपासून कर्करोग या प्रवासाला सहसा दहा वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. तिशीतल्या कर्करोगाची सुरुवात शाळा-कॉलेजच्या वयात शोधावी लागते, ती यामुळेच.

आता दाह. या दाहात दुखत नाही, ताप येत नाही, पोटात जळजळही होत नाही. चरबीची पेशी ही तेलाची निर्जीव पिशवी नसते, ती संप्रेरकं आणि रासायनिक संदेश सोडत असते. वजन वाढतं तशी ती फुगते. फुगता फुगता तिला रक्तपुरवठा अपुरा पडतो, ऑक्सिजन कमी पडतो आणि काही पेशी मरतात. मेलेल्या पेशीभोवती मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशी कडं करून बसतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे कडं स्पष्ट दिसतं. या मॅक्रोफेज टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्यूकिन-६ ही रसायनं सोडत राहतात. त्याच वेळी चरबीतून येणारं लेप्टिन वाढतं आणि दाह आवरून धरणारं ॲडिपोनेक्टिन घटतं. पोटाच्या आतल्या, अवयवांभोवतीच्या चरबीत हा प्रकार मांडीवरच्या चरबीपेक्षा जास्त चालतो. तिथलं रक्त थेट यकृतात जातं, यकृत सीआरपी नावाचं प्रथिन जास्त बनवू लागतं, आणि एरवी ठणठणीत माणसाच्या रक्तात ते वर्षानुवर्षं थोडं चढलेलं सापडतं.

आतड्याच्या बाजूने पाहा. मोठ्या आतड्याच्या अस्तरात सूक्ष्म खळगे असतात, त्यांच्या तळाशी मूळपेशी असतात आणि त्या सतत नव्या पेशी वर ढकलतात. दर चार-पाच दिवसांनी जवळपास सगळं अस्तर नवं होतं. इतक्या वेगाने पेशी विभागल्या जातात तिथे डीएनएची नक्कल करताना चुका होणारच. बहुतेक चुका निरुपद्रवी ठरतात किंवा बिघडलेली पेशी मरून गळून जाते. एपीसी नावाचं जनुक बिघडलं तर मात्र विभाजनाचा लगाम सुटतो आणि पॉलिपची पायाभरणी होते. दाहाचं काम इथे सुरू होतं. टीएनएफमुळे पेशीतला एनएफ-कप्पा-बी आणि इंटरल्यूकिन-६ मुळे स्टॅट-३ हे स्विच चालू राहतात, आणि जी बिघडलेली पेशी मरायला हवी होती ती तग धरते. कॉक्स-२ हे विकर वाढतं, त्यातून प्रोस्टाग्लँडिन ई-२ तयार होतं, ते विभाजनाला आणि नव्या रक्तवाहिन्यांना चालना देतं. दाहातल्या पेशी सोडत असलेले ऑक्सिजनचे आक्रमक रेणू डीएनएला आणखी इजा करतात. थोडक्यात, एकीकडे चुका वाढतात आणि दुसरीकडे चुकलेल्या पेशींना जीवदान मिळतं.

नुसत्या दाहाने कर्करोग होतो का? अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला दीर्घकाळ सूज आणि व्रण येणाऱ्या आजारात, होतो हे आम्हाला पक्कं माहीत आहे. म्हणूनच त्या रुग्णांना आजार सुरू होऊन आठ वर्षं झाली की नियमित कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठं आतडं आतून पाहणं) सुरू करतात. पण कोलायटिसचा दाखला देऊन लठ्ठपणाचा दाह समजावणं मला पटत नाही. कोलायटिसमध्ये अस्तर सोलून निघालेलं असतं आणि तिथल्या कर्करोगात जनुकं बिघडण्याचा क्रमही वेगळा असतो: पी-५३ हे जनुक आधी आणि एपीसी नंतर. लठ्ठपणातला दाह मंद असतो. एकट्याच्या बळावर तो फारसं काही करत नसावा, साथीदारांबरोबर करतो.

दाह रोखला तर कर्करोग टळतो का, याचा चांगला पुरावा ॲस्पिरिनकडून आला. लिंच सिंड्रोम हा आनुवंशिक दोष असलेल्या ८६१ जणांवरच्या चाचणीत काहींना रोज ६०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिलं, काहींना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. सरासरी दहा वर्षांनी ॲस्पिरिन गटात ९ टक्के आणि दुसऱ्या गटात १३ टक्के लोकांना आतड्याचा कर्करोग झालेला होता. फरक दिसायला कित्येक वर्षं जावी लागली. हे वाचून स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन सुरू करू नका. ज्याचा मूळ धोका लहान आहे त्याला पोटातल्या रक्तस्रावाचा तोटाच जास्त होईल.

माझ्या मते लठ्ठपणाच्या हिशेबात दाहापेक्षा इन्शुलिनचं पारडं जड असावं. दाहाबद्दल खूप लिहिलं जातं, इन्शुलिनबद्दल मानाने कमी. पोटाची चरबी वाढली की शरीर इन्शुलिनला दाद देईनासं होतं, मग स्वादुपिंड जास्त इन्शुलिन ओततं. साखर नॉर्मल राहते, रिपोर्ट छान दिसतो, पण रक्तातलं इन्शुलिन कित्येक वर्षं चढं असतं. इन्शुलिन हे पेशींना ‘वाढा’ असं सांगणारं संप्रेरक आहे. ते आयजीएफ-१ या वाढीच्या घटकाला बांधून ठेवणारी काही प्रथिनं कमी करतं, त्यामुळे मोकळं आयजीएफ-१ वाढतं. दोघांचा निरोप पेशीत एकाच वाटेने पोहोचतो: विभाजन कर, मरू नकोस. ॲक्रोमेगली नावाच्या आजारात वाढीचं संप्रेरक आणि आयजीएफ-१ भरमसाट असतात, आणि त्या रुग्णांत आतड्यातले पॉलिप जास्त सापडतात. टाइप-२ मधुमेहातही आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढलेला असतो. आणि दाह व इन्शुलिन या दोन वेगळ्या वाटा नाहीतच. टीएनएफ-अल्फा पेशीतला इन्शुलिनचा संदेश अडवतो, म्हणून इन्शुलिन वाढतं. इन्शुलिन वाढलं की चरबी साठणं सोपं होतं. चरबी वाढली की पुन्हा टीएनएफ.

तिसरा भिडू म्हणजे आतड्यातले जिवाणू. स्निग्ध पदार्थ जास्त आणि तंतू कमी असा आहार वर्षानुवर्षं चालला की आतड्याला जपणारा चिकट थर पातळ होतो, जिवाणूंच्या आवरणाचे तुकडे रक्तात जास्त शिरतात आणि मंद दाहाला खतपाणी मिळतं. जास्तीचं पित्त मोठ्या आतड्यात उतरतं, तिथले जिवाणू त्याचं डीऑक्सिकोलिक आम्ल करतात, ते अस्तराला त्रासदायक असतं. उंदरांवरच्या २०१६ च्या एका कामात भरपूर स्निग्ध आहाराने आतड्यातल्या मूळपेशींची संख्या आणि गाठी करण्याची ताकद वाढलेली दिसली. उंदरांचं म्हणून त्याला तेवढंच वजन द्या.

पण इथेच लठ्ठपणाच्या कहाणीला दुसरा फाटा फुटतो. २०२५ मध्ये ११ देशांतल्या ९८१ गाठींच्या जनुकीय वाचनाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ई-कोलाय जिवाणूच्या काही जाती कोलिबॅक्टिन नावाचं विष तयार करतात आणि ते डीएनएवर ओळखू येईल असा ठसा सोडतं. चाळिशीच्या आत निदान झालेल्यांत हे ठसे सत्तरीनंतर निदान झालेल्यांच्या ३.३ पट आढळले. ठसे गाठीच्या अगदी सुरुवातीच्या काळातले होते, म्हणजे संसर्ग बहुधा बालपणीचा. बालपणी त्या मुलाचं वजन किती होतं याच्याशी याचा संबंध असेलच असं नाही.

न जुळणारं आणखी एक आहे. उतारवयातल्या रुग्णांमध्ये लठ्ठपणाचा संबंध मोठ्या आतड्याशी जास्त आणि गुदाशयाशी कमी असतो. तरुणांमध्ये मात्र सगळ्यांत वेगाने वाढतोय तो गुदाशयाचा आणि डाव्या बाजूचा कर्करोग. लठ्ठपणाच सगळ्याचं कारण असता तर चित्र उलटं दिसायला हवं होतं. त्यात अमेरिकेतल्या एका अभ्यासात पन्नाशीच्या आतल्या ४५० रुग्णांपैकी १६ टक्क्यांत जन्मजात जनुकीय दोष सापडला, आणि त्याला वजन लागत नाही. माझ्याकडे येणाऱ्या तरुण रुग्णांत नियमित व्यायाम करणारे, सडपातळ लोक पुष्कळ असतात. ‘तुझ्या तब्येतीला कसला कर्करोग’ असं ऐकवून त्यांना आधीच कुणीतरी परत पाठवलेलं असतं. वजनावरून आतडं तपासायचं की नाही हे ठरवणं चूक आहे, दोन्ही बाजूंनी.

तेव्हा तुम्ही काय करायचं? सगळ्यांत आधी वजन विसरा आणि लक्षणं आठवा. तरुण रुग्णांवरच्या २०२३ च्या एका अभ्यासात निदानाच्या तीन महिने ते दोन वर्षं आधी चार गोष्टी इतरांपेक्षा जास्त नोंदलेल्या दिसल्या: पोटदुखी, शौचावाटे रक्त, जुलाब आणि लोह कमी झाल्याने आलेला ॲनिमिया. यातल्या रक्ताला आणि ॲनिमियाला मी कधीच सोडत नाही. शौचातून रक्त म्हणजे मूळव्याध, असं रुग्ण स्वतःच ठरवून टाकतो. बहुतेकदा ते बरोबरही असतं. पण मूळव्याध डोळ्यांनी पाहून, बोटाने तपासून ठरते, अंदाजाने नाही. आणि मूळव्याध सापडली म्हणजे वर गाठ नाही, हेही सिद्ध होत नाही. इलाज करूनही रक्त थांबलं नाही तर कोलोनोस्कोपी व्हायला हवी, वय २८ असलं तरी. ॲनिमियाचं तसंच आहे. पुरुषात लोह कमी झालं की ते कुठून गळतंय हे शोधलंच पाहिजे. बायकांमध्ये पाळीवर ढकललं जातं, तिथे पाळी खरोखर जास्त आहे का हे विचारायला कुणाला वेळ नसतो.

वजन जास्त असलेल्यांसाठी यात एक खास सापळा आहे. काहीही प्रयत्न न करता सहा किलो उतरले तर घरचे-दारचे पाठ थोपटतात आणि माणूसही खूश असतो. आहार-व्यायामात बदल न करता वजन उतरलं तर डॉक्टरकडे जा.

घरात कुणाला नाही असं तुम्ही लिहिलंय, तरी एकदा नीट विचारा. आजोबा ‘पोटाच्या आजाराने’ गेले, मावशीचं गर्भाशय ‘गाठीमुळे’ काढलं, अशा वाक्यांमागे काय काय दडलेलं असतं. लिंच सिंड्रोममध्ये गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोगही येतो. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडाला आतड्याचा कर्करोग झाला असेल तर पहिली कोलोनोस्कोपी चाळिशीला, किंवा त्या नातेवाइकाच्या निदानाच्या वयापेक्षा दहा वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा.

वजनाचं म्हणाल तर कंबर मोजा, ती बीएमआयपेक्षा जास्त बोलते. आशियाई वंशाच्या लोकांत कमी बीएमआयलाही पोटाची चरबी जास्त सापडते. पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटरच्या वर गेली की दखल घ्यायची. लठ्ठ स्त्रियांच्या एका लहानशा अभ्यासात १० टक्क्यांच्या आसपास वजन उतरल्यावर आतड्याच्या अस्तराच्या तुकड्यांतला टीएनएफ आणि इतर दाहकारक घटक घटलेले आढळले. दाह उलटवता येतो, एवढं त्यातून कळतं. वजन उतरवल्याने कर्करोगच टळतो का, याचा पुरावा मात्र अजून कच्चा आहे. वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियांनंतरचे अभ्यास एकमेकांशी पटत नाहीत. साखर आणि भूक कमी करणाऱ्या जीएलपी-१ गटातल्या इंजेक्शनांबद्दल मधुमेहींच्या नोंदींमधून आशादायक आकडे आलेत, पण ते नोंदींवरून काढलेले आहेत. कर्करोग टाळण्यासाठी म्हणून मी ती लिहून देणार नाही. मधुमेह किंवा लठ्ठपणासाठी लागत असतील तर जरूर घ्या.

व्यायामाचं मोल वजन न उतरताही मिळतं, कारण स्नायू हलले की इन्शुलिनची गरज उतरते. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी पूर्ण झालेल्या ८८९ रुग्णांपैकी अर्ध्यांना तीन वर्षं आखीव व्यायाम करवला. पाच वर्षांनी त्यांच्यातले ८० टक्के आजारमुक्त होते, नुसती माहितीपत्रकं दिलेल्यांतले ७४ टक्के. ही चाचणी आजार झालेल्यांची होती, निरोग्यांची नाही, तरी व्यायामाचा असर आतड्याच्या कर्करोगापर्यंत पोहोचतो हे तिने दाखवलं. खाण्यात एकच गोष्ट बदलायची असेल तर गोड पेयं बंद करा. वर सांगितलेल्या परिचारिकांच्या अभ्यासात रोज दोन किंवा जास्त गोड पेयं घेणाऱ्यांत तरुण वयातल्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका दुपटीच्या वर निघाला. दारू, तंबाखू आणि प्रक्रिया केलेलं मांस यांबद्दल वेगळं सांगायला नको.

दाह मोजायला म्हणून सीआरपी, किंवा मनाच्या समाधानासाठी सीईए (आतड्याच्या कर्करोगात रक्तात वाढू शकणारं प्रथिन) या तपासण्या करू नका. सीआरपी साध्या सर्दीनेही चढतं, आणि सीईए लहान गाठीत बहुधा नॉर्मल असतं. त्या खोट्या दिलाशाने कोलोनोस्कोपी लांबवलेले रुग्ण मी पाहिलेत. दाहशामक म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलवरही पैसे घालवू नका.

लक्षण नाही, जवळच्या नात्यात आजार नाही, तर ३५ व्या वर्षी केवळ वजनासाठी कोलोनोस्कोपी करा असं मी सांगणार नाही. उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर), हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) करून घ्या. ४५ पूर्ण झाली की कोलोनोस्कोपी, किंवा दरवर्षी शौचातलं अदृश्य रक्त शोधणारी फिट तपासणी. फिट पॉझिटिव्ह आली तर ती पुन्हा करून ‘खात्री’ करत बसायचं नाही. दुसरी निगेटिव्ह आली तरी कोलोनोस्कोपी करावीच लागते.